बंगल्याचे कुंपण : हॉली की करवंद?

डिसेंबर आला की दुकानांच्या काचांवर, शुभेच्छापत्रांवर आणि केकच्या खोक्यांवर एक फांदी हमखास दिसते. चकाकणारी काटेरी हिरवी पाने आणि त्यांत लालबुंद फळांचे घोस. ही युरोपातील हॉली. बारमाही हिरवी, जनावरांना अडविणारी आणि फळांनी शोभणारी म्हणून तिकडे तिचे कुंपण करतात. असे कुंपण आपल्याही बंगल्याभोवती असावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे.

परंतु अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या ठिकाणी ही हौस परवडणारी नाही. या हॉलीला थंड व दमट हवा लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो आणि पाऊस चार महिन्यांत आटोपतो. शिवाय हॉलीची नर व मादी झाडे वेगळी असतात. जवळपास नर झाड नसेल तर मादीला फळ धरत नाही, आणि धरलेले फळही खाण्यास विषारी. रोपवाटिकांत मिळणारी ‘सिंगापूर हॉली’ ही खरी हॉली नव्हे. ती कुंडीत किंवा बुटक्या किनारीला शोभते, राखणदारीचे कुंपण तिचे होत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. जेथे उत्पन्न देणाऱ्या झाडांना पाणी पुरले नाही, तेथे शोभेच्या झाडाला ते कोठून आणणार? बँकेत मालमत्ता तपासताना तिच्या किमतीआधी तिचा वार्षिक खर्च पाहावा लागतो. बागेलाही हीच कसोटी लावली, तर हॉलीचे सर्व गुण अल्प पाण्यात देणारे आपले झाड म्हणजे करवंद.

करवंदाचे गुण

पाने चकचकीत व सदाहरित, काटे जोडीने येणारे व टोकदार, फुले पांढरी व सुगंधी. प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही अंगे असल्याने वेगळे नर झाड लावावे लागत नाही. फळे आधी हिरवी, मग लालसर आणि पिकल्यावर काळी. सह्याद्रीत ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून विकली जातात ती हीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात आहे. पंतनगरच्या ‘पंत मनोहर’ व ‘पंत सुदर्शन’ या जातींची फळे गुलाबी छटेची व देखणी असतात.

लागवड

करवंदाला दुष्काळ सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून काळ्या जमिनीत फूटभर उंच वरंबा घालून त्यावर दीड फुटाचे खड्डे घ्यावेत आणि माती, मुरूम व कुजलेले शेणखत यांनी भरावेत. बी फार काळ टिकत नाही. पिकल्या फळातून काढताच धुऊन पेरावे, अन्यथा वर्षाची रोपे आणून पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत.

दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवल्यास शंभर फुटी कुंपणाला सुमारे पन्नास रोपे लागतात. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाला आठवड्याला चार लिटर पाणी द्यावे, म्हणजे एकूण दोनशे लिटरचे एक पिंप. मे महिन्यात दोन पिंपे. बुंध्याशी पाचटाचे आच्छादन घालावे. साखर कारखान्याच्या या परिसरात पाचटाला तोटा नाही. त्यानंतर पाण्याचा खर्च जवळजवळ संपतो आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ येऊ लागते.

छाटणी व दक्षता

रोप दीड फुटाचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे खालूनच फांद्या फुटून कुंपण दाट होते. फुले फांदीच्या टोकाला येतात. सतत कात्री चालविल्यास फळ मिळत नाही. छाटणी फळे उतरल्यावर, पावसाळ्याच्या आरंभी करावी. काटेरी झुडपात बुलबुल घरटे करतो. आत अंडी वा पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत कात्री बाजूला ठेवावी. कीड सहसा कमीच लागते. मावा दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, विषारी औषधांची गरज क्वचितच भासते.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. कण्हेर आणि बिट्टी ही कुंपणाला लावली जाणारी झाडेही करवंदाच्याच कुळातील व चिकाळ आहेत, परंतु ती अत्यंत विषारी आहेत. घरात लहान मुले असल्यास करवंदाच्या रांगेत ती मिसळू नयेत. जोडकाटे नाहीत, त्या झुडपाचे फळ तोडायचे नाही, हे मुलांना शिकवून ठेवावे.

घरातील उपयोग

कच्च्या करवंदांचे लोणचे पावसाळ्यापूर्वीच घालून ठेवता येते. मारवाडातून आलेल्या आपल्या कुटुंबांत करौंदा आणि हिरव्या मिरचीची भाजी परिचयाची आहे. तिला कांदा-लसूण लागत नाही. फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली सहज जमते.

भिंत बांधली की ती दरवर्षी रंग मागते, तारेचे कुंपण गंजते. करवंदाचे कुंपण मात्र वर्षागणिक दाट होते, राखणही करते आणि ताटातही काही वाढते. दोन उन्हाळ्यांच्या पाण्याच्या मोबदल्यात याहून चांगला व्याजदर मिळणे कठीण.