अंगाला बेतलेला वेज

गोल्फ हा साहेबाचा खेळ, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली निघाला, तेव्हा या देशात आगगाडीसुद्धा यायची होती. पण ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे एक मौज झाली. जन्मात गोल्फची काठी हाती न धरलेली माणसे चहाचा पेला घेऊन दूरदर्शनच्या संचासमोर बसली होती. बंगलोरची अदिती अशोक टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पदकाच्या अगदी जवळ पोचली होती. लांब टोले मारण्यात ती इतरांच्या मागे होती. छिद्राजवळच्या खेळावर तिने चार दिवस झुंज दिली. अखेर कांस्यपदक हुकले ते एका फटक्याने. तिचे एकूण फटके झाले दोनशे एकोणसत्तर, आणि त्यातला एक जास्त!

हा एक जास्तीचा फटका साधारणपणे जातो कुठे? नवख्या प्रेक्षकाची नजर पहिल्या टोल्यावर असते. चेंडू अडीचशे यार्ड जातो, लोक टाळ्या वाजवतात. पण त्या टोल्याला फटका एकच मोजतात, आणि छिद्रापासून दहा पावलांवर, वाळूच्या खड्ड्यात काठी रुतून चेंडू जागचा हलला नाही, तरी त्यालाही एकच मोजतात. गोल्फचा हिशोब असा न्यायी आहे, म्हणजेच निर्दय आहे.

शेवटच्या शंभर यार्डांसाठी खेळाडूच्या पिशवीत आखूड दांड्याच्या, जड डोक्याच्या आणि आभाळाकडे तोंड केलेल्या ज्या लोखंडी काठ्या असतात, त्यांना वेज म्हणतात. चेंडू उंच उडवायचा, अलगद उतरवायचा, आणि उतरल्यावर त्याला फार पळू द्यायचे नाही, हे वेजचे काम. आता इतके नाजूक काम ज्याच्याकडून करून घ्यायचे, तो वेज आपला गृहस्थ विकत कसा घेतो? सदरा शिवताना गळा आणि बाही मोजून देणारा, चप्पल घेताना दुकानात चार फेऱ्या मारून पाहणारा हा चोखंदळ माणूस वेज घेताना फक्त तळावरचा आकडा वाचतो. ‘छप्पन्नचा द्या,’ म्हणतो. दुकानदार छप्पन्नचा देतो. हा आकडा म्हणजे लॉफ्ट, काठीचे तोंड मागे किती कलले आहे त्याचे अंश. बाकी दांडा किती लांब, डोके दांड्याला कोणत्या कोनात जोडलेले, तळ कसा घासलेला, हे सगळे दैवावर सोडलेले.

मग काठी वाळूत रुतते, किंवा टणक जमिनीवरून उसळून चेंडूच्या कमरेत बसते. गृहस्थ म्हणतो, ‘माझा हातच बसत नाही.’ तो शिकवणी लावतो, पुस्तके वाचतो, मनगट वळवून पाहतो. दोष पुष्कळदा हातात नसतोच, तो लोखंडाच्या तळात असतो. आणि याहूनही वाईट पुढेच आहे. चुकीच्या काठीशी जमवून घेता घेता शरीराला खोड लागते. पुढे काठी बदलता येते, खोड मात्र सहजी बदलत नाही.

तळाचे महत्त्व ज्या माणसाने जगाच्या नजरेस आणले, तो सुताराचा मुलगा होता, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. १९०२ साली न्यूयॉर्कजवळ एका इटालियन सुताराच्या घरी जन्मलेला हा मुलगा, नाव युजेनिओ साराचेनी. हे नाव व्हायोलिनवाल्याला शोभेल, गोल्फवाल्याला नाही, असे वाटून त्याने ते बदलले आणि तो जीन साराझेन झाला. लहानपणी त्याने श्रीमंतांच्या पिशव्या वाहिल्या, बापाच्या हाताखाली लाकूडकामही केले. त्या काळी वाळूतून चेंडू काढायला निब्लिक नावाची काठी वापरीत. तिची धार पातळ. वाळूत शिरली की सुरीसारखी खोल जायची आणि तिथेच थांबायची. विमान चालवायला शिकत असताना शेपूट खाली गेले की नाक वर उठते हे आपण पाहिले आणि त्यावरून युक्ती सुचली, असे साराझेन पुढे सांगत असे. त्याने निब्लिकच्या तळाच्या मागच्या कडेला डाख देऊन देऊन ती जाड केली. आता काठी वाळूवर आदळली की आधी ती जाड कड टेके, आणि काठी खोल न जाता वाळू उडवीत, चेंडूला वर घेऊन बाहेर पडे.

१९३२ साली इंग्लंडात सँडविच गावच्या प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धा होती. सराव संपला की साराझेन ही काठी पिशवीत डोके खाली करून लपवी, पंचांनी पाहिली तर बंदी घालतील या धास्तीने. धास्ती पोकळ नव्हती. आदल्याच वर्षी वाडग्यासारख्या खोलगट तोंडाचा एक वेज नियमबाह्य ठरला होता. साराझेनने स्पर्धा २८३ फटक्यांत, पाच फटक्यांच्या आघाडीने जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेची ओपनही खिशात घातली. बंदी काही आली नाही. आज जगातल्या प्रत्येक पिशवीत त्या काठीचे वंशज आहेत.

त्या जाड कडेमुळे तळाला जो उतार येतो त्याला आता बाउन्स म्हणतात. तळाची पुढली धार वर, मागली कड खाली. यातला कोन अंशांत मोजतात. चार ते सहा अंश म्हणजे कमी, दहाच्या वर म्हणजे जास्त. ज्याने सुताराला रंधा मारताना पाहिले आहे त्याला यात निराळे शिकण्यासारखे काही नाही. रंध्याचे पाते जास्त बाहेर काढले तर ते लाकूड खाते आणि अडकते. कमी काढले तर रंधा नुसता वरून घसरतो. सुतार लाकूड पाहून पाते बसवतो. वेजही माती पाहून आणि माणूस पाहून घ्यायचा असतो.

माणसांच्या जाती दोन. काही जण कुदळ मारावी तशी काठी वरून आणतात आणि चेंडूपुढची हिरवळ चपातीएवढी उपटून काढतात. यांना जास्त बाउन्स हवा, नाहीतर काठी जमिनीतच राहायची. दुसरे केरसुणी फिरवावी तशी काठी जमिनीलगत नेतात, गवत जेमतेम हलते. यांना कमी बाउन्स पुरतो. मातीचेही तेच. मऊ वाळू, ओले गवत असेल तर बाउन्स जास्त. कडक, उघडी जमीन असेल तर कमी. कडक जमिनीवर जास्त बाउन्सचा वेज मारला की तळ उसळतो, धार चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या झुडपात जातो. स्कॉटलंडच्या समुद्रकाठची जमीन टणक, फ्लोरिडाची मऊ. तिथल्या खेळाडूंनी वापरलेला वेज जाहिरातीत पाहून आपण घेतो. आपल्याकडे तर एकाच मैदानाचे वर्षात दोन अवतार होतात. आषाढात पाय रुततात, आणि वैशाखात, जिथे नळीचे पाणी पोचत नाही तिथे, जमीन वाजते. दोन वेज घ्यायचेच असतील तर एक जास्त बाउन्सचा वाळूसाठी आणि एक कमीचा कडक जमिनीसाठी घ्यावा, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. कारखानदार तळाच्या टाचेकडची बाजूही निरनिराळ्या तऱ्हांनी तासून देतात, त्याला ग्राइंड म्हणतात. जो खेळाडू काठीचे तोंड मुद्दाम उघडे करून खेळतो त्याला ते उपयोगी; इतरांनी त्या नावांच्या मोहात पडू नये.

दुसरे माप लायचे. काठी जमिनीवर टेकली असता दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय. उंच माणसाला आणि बुटक्या माणसाला एकच कोन कसा चालेल? कोन फार उभा असला तर टाच जमिनीत रुतते आणि उजव्या हाताने खेळणाराचा चेंडू डावीकडे जातो. फार आडवा असला तर अंगठ्याकडची बाजू रुतते आणि चेंडू उजवीकडे. यातली खोच अशी की तोंड जितके जास्त कललेले, तितका हा दोष वाढतो. म्हणजे ज्या काठीने अगदी छिद्राशेजारी नेम धरायचा, तीच सर्वांत जास्त फसवते. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत इंजिनिअर झालेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी आपल्या पिंग कंपनीत यावर सुटसुटीत तोड काढली. माणसाची उंची आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर, ही दोन मापे घ्यायची आणि त्यावरून काठीवर रंगीत ठिपका द्यायचा. काळा ठिपका म्हणजे नेहमीचा कोन, बाकीचे रंग त्याहून उभे किंवा आडवे. नुसती उंची पुरत नाही, कारण सारख्याच उंचीच्या दोघा भावांपैकी एकाचे हात गुडघ्याला टेकू पाहतात आणि दुसऱ्याचे नाही.

दांड्याविषयी थोडक्यात सांगतो. दुकानात टांगलेल्या वेजला बहुधा जड पोलादी दांडा असतो. स्त्रिया आणि साठी उलटलेली मंडळी बाकीच्या काठ्या हलक्या ग्रॅफाइटच्या वापरतात, आणि वेज मात्र हा पहारीसारखा! हाताला लागलेली लय तिथे मोडते.

लॉफ्टच्या आकड्यांचीही एक गंमत आहे. साठ वर्षांपूर्वी पिचिंग वेज सुमारे पन्नास अंशांचा असे. पुढे कारखानदारांत लांब फटक्यांची चढाओढ लागली आणि कोन कमी होत होत पुष्कळ संचांत तो चव्वेचाळीसवर आला. वाळूचा वेज राहिला छप्पन्नवरच. चार अंशांना सुमारे दहा-बारा यार्ड धरले, तर मध्ये तीसेक यार्डांचे भगदाड पडले, आणि ते बुजवायला त्यांनीच गॅप वेज विकायला काढला. घर पाडून पुन्हा बांधून देण्याचा हा धंदा! म्हणून आधी आपल्या पिचिंग वेजचा खरा कोन मोजून घ्यावा आणि मग चार-पाच अंशांच्या पायऱ्यांनी पुढचे वेज निवडावे. पिशवीत चौदाहून जास्त काठ्या नेता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ साली झाला. चौथा वेज घ्यायचा तर एखादी लांब काठी घरी ठेवावी लागते. बहुतेकांनी ती खुशाल ठेवावी.

ही मापे घेणाराला फिटर म्हणतात. आपल्याकडे फिटर म्हटले की कारखान्यातला डोळ्यांसमोर येतो. कामाची जात एकच आहे. चांगला फिटर आधी जुना वेज मागतो आणि उलटा करून त्याचा तळ बघतो. झीज कुठे आहे, टाचेला की अंगठ्याला, धारेला की मागच्या कडेला, हे तो वैद्याने नाडी पाहावी तसे पाहतो. मग तो गवतावर नेतो आणि वाळूच्या खड्ड्यातही उतरवतो. खोलीत चटईवर मारून वेज निवडणे व्यर्थ, कारण चटईवर चेंडूमागे आदळलेली काठीसुद्धा घसरून पुढे जाते आणि फटका बरा दिसतो. माती अशी खोटी स्तुती करीत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. एस. एस. पी. चौरसिया घ्या. कलकत्त्याच्या मैदानावर हिरवळ राखणाऱ्याचा हा मुलगा पाहून पाहून स्वतःच खेळ शिकला. छिद्राजवळच्या हातोटीमुळे लोक त्याला गमतीने ‘चिप्पटसिया’ म्हणू लागले. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंडियन ओपन जिंकली. त्याला लहानपणी कोणी मापे घेऊन काठी दिली होती? आक्षेप खरा आहे. पण मैदानावरच वाढणाऱ्या मुलाकडे दिवसाचे दहा तास आणि वर्षामागून वर्षे असतात; तो काठीचे सारे खोटेपण हातात जिरवून टाकतो. रविवारी सकाळी दोन तास खेळणाऱ्या बँकेतल्या माणसाने ते कुठून आणावे? आणि आपल्या मैदानांवर पिशव्या वाहणारी पोरे सभासदांच्या टाकलेल्या, सहा फुटी माणसाच्या काठ्या घेऊन खेळतात. त्यातला एखादा चौरसिया होतो. बाकीच्यांत किती जणांचा हात त्या काठ्यांनीच वाकडा केला, याची नोंद कुठल्याच क्लबात नसते. सभासदाने जुना वेज देताना दांडा कापून आणि कोन वाकवून दिला, तर खर्च चेंडूंच्या एका डब्याहून फारसा जास्त येत नाही.

कोन वाकवण्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. एक-दोन अंश लोखंड वाकते, पण लॉफ्ट बदलला की बाउन्सही बदलतो. छप्पन्न अंशांचा आणि दहा बाउन्सचा वेज चोपन्नवर आणला की बाउन्स आठवर येतो. कारागिराला हे आधी विचारावे.

जवळपास फिटर नसला तरी पुष्कळसे काम घरी होते. चेंडूवर जाड शाईने एक सरळ रेघ काढावी, ती उभी ठेवून काठीकडे करावी आणि मारावे. काठीच्या तोंडावर रेघेचा ठसा उठतो. तो तोंडावरच्या खाचांना काटकोनात असला तर लाय बरोबर; कललेला असला तर कोन चुकला. त्याच वेळी खाचांवरून नख फिरवून पाहावे. वाळूने त्या गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या गवतातून चेंडू उंच जातो, पण फिरकी धरत नाही आणि उतरल्यावर पळतो. मग वेज बदलायलाच हवा. ही परीक्षा दिवाळीच्या सुमारास एकदा करावी, कारण तेव्हा मैदान ना चिखल ना दगड असे असते. आणि चैत्र सरता सरता त्याच जागी, त्याच वेजने, पुन्हा एकदा.