साहेब, इंजिन उघडावं लागेल!

1941 साली अमेरिकेतल्या 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने देशभरातल्या मेकॅनिकांची एक परीक्षा घेतली. गाडी ठणठणीत होती. फक्त इग्निशन कॉइलची एक वायर मुद्दाम काढून ठेवलेली. बॉनेट उघडलं की ती समोरच दिसायची आणि जोडायला मिनिटही लागलं नसतं. 48 राज्यांतल्या 347 गॅरेजांमध्ये ही गाडी नेली गेली. त्यांपैकी 63 टक्के ठिकाणी नसलेले दोष सांगितले गेले, नको ती कामं निघाली किंवा अवाच्या सवा पैसे घेतले गेले.

आज गाड्या बदलल्या, गॅरेजं वातानुकूलित झाली. पण तो फोन काही चुकलेला नाही. सकाळी ऑइल बदलायला गाडी सोडावी आणि दुपारी सर्व्हिस ॲडव्हायझरचा आवाज यावा, "साहेब, लोअर आर्मचे बुश गेलेत. क्लचही संपत आलाय. आत्ताच करून घेतलेलं बरं. करून टाकू का?" एस्टिमेट तिप्पट झालेलं असतं, आणि हो की नाही हे फोनवरच सांगायचं असतं.

अशा वेळी बहुतेक जण समोरचा माणूस जोखायला बघतात: खरं बोलतोय की टोपी घालतोय? ही पारख जमणं अवघड का, याचा विचार मायकेल डार्बी आणि एडी कर्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडला. डॉक्टर असो की मेकॅनिक, काय बिघडलंय हे सांगणारा आणि दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असतो. काम झाल्यावरही ते खरंच गरजेचं होतं का, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. नवे ब्रेक पॅड बसवल्यावर गाडी छान थांबते, पण ती आधीही थांबत होतीच.

त्यातून फसवायला माणूस मुळात लबाड असावा लागतो असंही नाही. 1992 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक विभागाने 'सीअर्स' या बड्या कंपनीच्या ऑटो सेंटरांवर गुप्त गिऱ्हाइकं पाठवली. 38 पैकी 34 वेळा नको असलेली कामं सुचवली गेली. चौकशीत उघड झालं की कर्मचाऱ्यांना कमिशन होतं आणि ठरावीक सुटे भाग विकण्याचं टार्गेटही. कंपनीने पुढे ही पद्धत बंद केली आणि तडजोडीत गिऱ्हाइकांना कूपनं वाटली. आपल्याकडेही नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन अशी कामं अलगद येऊन बसतात. त्यांतली कोणती आवश्यक आहेत, हे ठरवायला गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतलं सर्व्हिसचं वेळापत्रक पुरतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. हेन्री श्नायडर या अर्थशास्त्रज्ञाने ठरवून दोष ठेवलेली एक गाडी अमेरिकेतल्या 40 गॅरेजांत नेली. काहींनी अनावश्यक कामं सुचवली. अनेकांच्या नजरेतून मात्र खरे दोषच निसटले. आपण इथलेच, पुन्हा येणार, असं भासवूनही कामाच्या दर्जात फारसा फरक पडला नाही. म्हणजे अनपेक्षित दोष सांगणारा खोटाच असेल असं नाही, आणि "सगळं ओके आहे" म्हणणाऱ्याने गाडी नीट पाहिली असेलच असंही नाही.

म्हणून माणसाची पारख बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा: हे कशावरून कळलं?

"स्कॅनरवर आलंय" हे त्याचं अर्धंच उत्तर झालं. स्कॅनर दाखवतो तो कोड. कोणता पार्ट बदलायचा हे तो सांगत नाही. समजा, पी0301 हा कोड आला. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय, एवढाच. दोष स्पार्क प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचा असू शकतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर चांगला मेकॅनिक पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून पाहतो. कोड बदलून पी0302 झाला, तर कॉइल दोषी. या चाचणीला एका पैशाचाही पार्ट लागत नाही. पी0420 चंही तसंच. हा कोड दिसताच महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा सल्ला मिळतो, पण एक्झॉस्टमधली गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही हाच कोड आणू शकतो.

इतर निदानांनाही अशा चाचण्या आहेत. ब्रेक पॅड संपले असतील तर किती मिलिमीटर उरलेत ते विचारावं. नवा पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतो. तीनच्या आसपास आला की बदलावा. लोअर आर्म ढिला असेल तर गाडी लिफ्टवर चढवून तो खेळ डोळ्यांनी दाखवता येतो. क्लच घसरतोय का, हे पाहायला मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडतात. इंजिन बंद न पडता फिरत राहिलं, तर शंकेला जागा आहे.

सगळ्यात धडकी भरवतं ते "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल." गाडी तापण्यामागे थर्मोस्टॅट, बंद पडलेला रेडिएटर फॅन किंवा फुटका होज अशी स्वस्त कारणंही असतात. ती तपासून झाली का? कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू मिसळतोय का, हे रंग बदलणाऱ्या द्रवाने कळतं. पेट्रोल गाडीत निळा द्रव पिवळा होतो. कॉम्प्रेशन टेस्टही करता येते. या चाचण्या इंजिन न उघडता होतात.

भावाबाबत एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मेगन बुसे आणि सहकाऱ्यांनी टोयोटा कॅमरीचा रेडिएटर बदलायला किती पडतील, हे अमेरिकेतल्या अनेक गॅरेजांना फोनवरून विचारलं. भाव ठाऊक नसल्याचं दाखवणाऱ्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त आकडा सांगितला गेला. बाजारभावाचा नुसता उल्लेख होताच हा फरक नाहीसा झाला. दुसऱ्या गॅरेजला एक फोन करून पार्ट आणि मजुरी वेगवेगळी विचारून घेणं त्यामुळे फायद्याचं ठरतं.

मात्र काही बाबतीत ताणून धरू नये. ब्रेक, स्टिअरिंग, गुळगुळीत टायर, चढलेलं तापमान किंवा ऑइलचा लाल दिवा यांपैकी काही असेल, तर दुसऱ्या मतासाठीही गाडी चालवत न नेता टो करून न्यावी. बुश, शॉकॲब्सॉर्बर किंवा हळूहळू झिजणाऱ्या क्लचसाठी सहसा दोन-चार दिवस मिळतात. तेवढ्यात तपासणीचे पैसे चुकते करून, लेखी एस्टिमेट आणि फोटो घेऊन गाडी दुसरीकडे दाखवता येते.

काम तिथेच करायचं ठरलं, तर वाढीव कामाची मंजुरी जॉब कार्डवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर द्यावी आणि काढलेले जुने पार्ट परत मागावेत. कॅलिफोर्नियात गॅरेजांना लेखी एस्टिमेट देणं आणि मागितल्यास जुने पार्ट दाखवणं किंवा परत करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे दाद मागायची ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. सल्ल्यासाठी 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेत त्रुटी होती हे तिथे तक्रारदाराला दाखवून द्यावं लागतं, आणि त्या वेळी हे जॉब कार्ड, बिल, फोटो आणि जुने पार्टच कामी येतात.