बाराशे ऐंशी

फर्स्ट शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती. चाकणजवळ म्हाळुंग्यातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट एकामागून एक चार्जिंगच्या शेडखाली येऊन थांबत होत्या. शेडच्या तीन बाजू उघड्या. चार्जिंग होताना या शिशाच्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते.

देखभालीचं काम बघणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी हातमोजे चढवले, सेलचं झाकण उघडलं आणि हायड्रोमीटरची नळी आत सोडून रबरी फुगा दाबून सोडला. काचेत ॲसिड चढलं, आतला तरंगता काटा डोलून थांबला.

"अकराशे साठ," मामा म्हणाले. "हिला आता लावायलाच पाहिजे."

पूर्ण चार्ज झालेल्या सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.२८०च्या आसपास असते. शेडमध्ये तिला बाराशे ऐंशीच म्हणतात. बॅटरी उतरते तसं ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि ॲसिड पातळ होतं. वेळेत चार्ज केली तर ते परत ॲसिडमध्ये येतं. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर त्याचे कडक खडे बनतात, आणि मग कितीही करंट द्या, तेवढी प्लेट कामातून गेली. ४८ व्होल्टच्या बॅटरीत असे २४ सेल. मामा ठरलेल्या दिवशी चोवीसच्या चोवीस तपासून वहीत लिहितात, कारण मागे पडलेला एक सेल सगळ्यांना खाली ओढतो.

नियम जुनाच आहे: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. वीस टक्क्यांखाली उतरू द्यायची नाही. मामा चिडतात ते जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास वायर लावणाऱ्यांवर. "तिचं पोट कधी भरतच नाही, नुसती तापते." गुरुवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा सगळे सेल एका पातळीवर यावेत म्हणून बॅटऱ्यांना जादा वेळ चार्जिंग मिळतं.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडण्यापुरतं. चार्जिंगमध्ये ॲसिड फुगतं, बुडबुडे येतात. घरच्या इन्व्हर्टरला मी एकदा आधीच काठोकाठ पाणी भरलं होतं; सकाळी फरशीवर ॲसिडचा ओघळ होता. ते डाग अजून गेलेले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सांडलं ते ॲसिड होतं; पुढे नुसतं पाणी ओतून ते भरून येत नाही.

बॅटरी म्हटलं की आपण एकच नियम सगळ्यांना लावतो, तिथेच घोटाळा होतो. आकुर्डीला २०२२ पासून बनणाऱ्या इलेक्ट्रिक चेतकमध्ये आणि तुमच्या मोबाइलमध्ये लिथियम आहे, आणि त्याचा स्वभाव शिशाच्या उलट. त्याला मधूनमधून थोडं थोडं चार्जिंग चालतं. सोसत नाही ते उन्हात तापलेलं असताना चार्ज होणं आणि दिवसेंदिवस शंभर टक्क्यांवर पडून राहणं. गाडी घरी आणल्यावर आधी सावलीत निवू द्या, मग प्लग लावा. रोजच्या फेरीला ऐंशी टक्के पुरत असतील तर तिथेच थांबा. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

आणि घरात पाणी भरायचा इन्व्हर्टर असेल, तर या आठवड्यात त्याची पाण्याची पातळी बघा. नळाचं पाणी मात्र घालू नका.