लागतेच, बहुधा लागते, असले तर बरे

मागच्या व्याख्यानानंतर धडगावकडच्या एका श्रोत्याने विचारले, "सर, लिनक्सवर एक छोटा प्रोग्रॅम मागवला, तर त्याच्यामागे आणखी वीस कशाला उतरतात? आमच्याकडे डोंगरात रेंज मिळते कुठे!" प्रश्न तंत्राचा दिसतो खरा, पण आम्हाला त्यात आमचा जुना विषय दिसला.

डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली लिनक्स प्रणाली. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमचे पॅकेज असते आणि त्याला आणखी काय काय लागते, ते त्या पॅकेजमध्येच नोंदलेले असते. या 'लागते'च्या तीन पायऱ्या आहेत. 'डिपेंड्स', म्हणजे त्यावाचून चालणारच नाही. 'रेकमेंड्स', म्हणजे अपवाद सोडले तर सोबत असावेच. 'सजेस्ट्स', म्हणजे असले तर बरे. भाकरीला पीठ आणि पाणी ही पहिली पायरी, ठेचा दुसरी, लोणी तिसरी. (नंदुरबारकर ठेचा पहिल्या पायरीत घालतील, ते सोडा. किंबहुना सोडू नका, त्याकडे परत येऊ.)

न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक सांगतात: ते असेल तर हे असते, ते नसेल तर हे नसते. 'डिपेंड्स'ची परीक्षा अशी घेता येते. ते काढा, प्रोग्रॅम बंद पडतो. 'रेकमेंड्स'ची घेता येत नाही. तिथे पॅकेज बांधणाऱ्या माणसाला 'नेहमीचा वापरणारा' मनात आणावा लागतो. तो बहुधा धडगावचा नसतो.

आता ते वीस कुठून आले? फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५ पासून एपीटी हे साधन 'रेकमेंड्स'सुद्धा न विचारता यादीत धरते. आज्ञेत 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय जोडला की ती गळतात. मात्र डोळे झाकून जोडू नका. एखादी सोय गायब होते, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. गाळलेल्यांची नावे एपीटी आधी दाखवते. ती वाचा, हवी ती हाताने मागवा. काढताना गंमत उलटी आहे: आपोआप आलेले पॅकेज दुसरे कोणी नुसते 'सजेस्ट' करत असेल, तरी 'ऑटोरिमूव्ह' ते मुळात ठेवूनच देते. आर्च लिनक्समध्ये ऐच्छिक गोष्टी आपोआप येत नाहीत, नुसती यादी येते, आणि बहुधा प्रत्येकीपुढे ती कशासाठी ते लिहिलेले असते. आम्हाला ही रीत अधिक सभ्य वाटते.

ठेच्याकडे येऊ. छापील पानाचा मजकूर करून देणारा टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. आमची जुनी टिपणे टंकलिखित. ती संगणकात घ्यावी म्हणून आम्ही तो डेबियनवर बसवला. मराठी पान दिले, तर रोमन अक्षरांचा चिवडा बाहेर आला! पाहिले तर त्याच्या 'डिपेंड्स'मध्ये इंग्रजीचे पॅकेज आणि पानाची दिशा व लिपी ओळखणारे पॅकेज. म्हणजे समोर देवनागरी आहे हे ओळखायची सोय आली होती, पण वाचायची नाही. शुद्ध व्यतिरेक लावला, तर मराठीच वाचणाऱ्याला इंग्रजीची गरज नाही. तरी ते पहिल्या पायरीवर आहे, कारण निदान एक भाषा हवी आणि कोणीतरी ती निवडली. मराठीचे पॅकेज वेगळे असते: 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार'. धडगावच्या मित्राने ते नावानिशी मागवावे.