रविवारी सकाळी सात वाजता: किनाऱ्यावरची मोजणी आणि माझी चूक

पीएच.डी.च्या पहिल्या हिवाळ्यात मी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर दर रविवारी सकाळी बरोबर सातला हजर असायचो. तीच जागा, तीच दुर्बीण, तेवढंच अंतर चालायचं. संशोधनात सातत्य हवं असं आपण पहिल्या वर्षापासून ऐकतो, त्यामुळे मी स्वतःवर भलताच खूश होतो.

डिसेंबरातली ती सकाळ तुम्हीही एकदा बघाच. सुरूच्या बनातून बाहेर आलात की ओली, करडी वाळू लांबवर पसरलेली. लाटेच्या कडेने सॅन्डरलिंगचा थवा पळतोय: लाट मागे सरली की तिच्यामागे, पुढे आली की उलटा, पाय न भिजवता. आर्क्टिकमध्ये अंडी घालणारा हा मूठभर पक्षी हिवाळा आपल्याकडे काढतो. जरा पलीकडे चिखल्यांची जोडी चार पावलं धावते, थांबते, टिपते. काळा-पांढरा, लाल-नारिंगी चोचीचा ऑयस्टरकॅचर दिसला, तर हातातला चहा गार झालाच म्हणून समजा.

आता माझा आलेख. एका रविवारी वहीची दोन पानं भरायची, पुढच्या रविवारी जेमतेम चार ओळी. त्याच्या पुढच्या रविवारी परत दोन पानं. सगळा हंगाम असाच, करवतीच्या दात्यांसारखा. मी कारणंही शोधली होती: थंडी, पर्यटकांची गर्दी, भटकी कुत्री. तीन स्लाइड तयार होत्या! समितीपुढे जायच्या आठवडाभर आधी जाळं सुकवत बसलेल्या एका काकांना सहज सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, तिथी बघून येतोस का? तिथीची पाऊणपट कर, भरती कळेल."

कोकणात हा हिशोब जुना आहे. पौर्णिमा म्हणजे १५. त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती साधारण त्या सुमारास. मग सकाळी सातला ओहोटी नुकतीच होऊन गेलेली आणि वाळू उघडी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सातला पाणी जवळजवळ भरलेलं. (हा अंदाज आहे, बरं का. नेमक्या वेळेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं वापरा.) माझा एक रविवार उधाणाजवळचा, पुढचा भांगाजवळचा. मी पक्ष्यांची नव्हे, चंद्राची नोंद करत होतो.

कारण किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं घड्याळ सूर्यापेक्षा जास्त पाण्यावर चालतं. ओहोटीत वाळूतले किडे, शिंपल्या हाताशी येतात, तेव्हा खायचं. भरतीत जागा बुडते, तेव्हा कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने विश्रांती, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावर मुक्काम. म्हणजे "आज पक्षी कमी" या वाक्याचे तीन वेगळे अर्थ होतात. पक्षी कमी आलेत. आलेत, पण आत्ता दुसरीकडे आहेत. किंवा इथेच आहेत, पण दूर पांगल्यामुळे दुर्बिणीत ठिपकेच दिसताहेत. मोजलेला आकडा एकच असतो. कुठला अर्थ घ्यायचा, ते तो आकडा सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दर १४ दिवसांनी जाऊ, भरती सारखीच सापडेल. मलाही तेच वाटलं होतं आणि हा सापळा जास्त वाईट आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि उधाणाचं चक्र १४ दिवसांचं नसून पावणेपंधरा दिवसांचं आहे. त्यामुळे दर १४ दिवसांनी भरतीची वेळ जवळपास ४० मिनिटं अलीकडे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओहोटीत सुरू केलेली सातची मोजणी फेब्रुवारीअखेर भरतीवर जाऊन पोचते. आठवड्याच्या मोजणीने निदान करवतीचे दाते तरी दिसले. यात एक सुबक, तिरकी रेघ मिळाली असती आणि मी तिला स्थलांतराचा परिणाम म्हणून छापायला निघालो असतो.

डेटा पूर्ण वाया गेला नाही. ज्या नोंदींवर तारीख आणि वेळ होती, त्यांच्यापुढे कोष्टकं बघून "भरतीपासून किती तास" हा रकाना भरता आला. पण कंटाळून नुसतं "सकाळी" लिहिलेली काही पानं होती, ती काढून टाकावी लागली. उरलेल्यातही मधल्या पाण्याच्या नोंदी फारच थोड्या, त्यामुळे चढत्या पाण्याबरोबर पक्षी कसे सरकतात हा माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. समितीपुढे त्या तीन स्लाइडच्या जागी हीच गोष्ट सांगितली. पुढचा हिवाळा पुन्हा मोजायला लागला.

यंदा रविवार सोडलाय. आधी कोष्टक बघतो, मग भरतीपूर्वी चार तास, दोन तास आणि ऐन भरती अशा तीन वेळा ठरवून त्याच जागी उभा राहतो. कधी पहाटे, कधी रणरणत्या दुपारी. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहितो, रकाना मोकळा ठेवत नाही. हे पक्षी रात्रीच्या ओहोटीतही चरतात, म्हणून गेल्या पौर्णिमेला संध्याकाळची ओहोटी धरून अंधार पडेपर्यंत थांबलो. नुसता आवाज येत होता. तेवढाच वेळेसकट लिहून ठेवला.