हृदयाचा चुकलेला ताल

नाडी पाहतांना तिची गती बहुतेक लोक मोजतात. परंतु तिचा ताल सम आहे कीं विषम, इकडे लक्ष थोड्यांचेंच जातें. उतारवयांत नाडी कसलाच ताल न धरतां चालूं लागली, तर ती पुष्कळदां ‘एट्रिअल फिब्रिलेशन’ ह्या विकाराची खूण असते. म्हणून ह्या विकाराची व त्यावरील नव्या उपायाची माहिती आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत एक सूक्ष्म पेशीपुंज असून ठोक्याची आज्ञा तेथून सुटते. कीथ व फ्लॅक ह्यांनीं तो १९०७ सालीं दाखवून दिला. ह्या विकारांत मात्र वरच्या कप्प्यांत विद्युल्लहरींचा कल्लोळ माजून ते नुसते थरथरत राहतात. मग तेथें रक्त सांचून गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली म्हणजे पक्षाघात ओढवतो. त्याचें भय ह्या रोग्यांस इतरांहून सुमारें पांचपट असतें.

१९९८ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथें मिशेल ऐसागेर व त्यांचे सहकारी ह्यांनीं ४५ रोगी तपासून सिद्ध केलें कीं, हा कल्लोळ चेतविणाऱ्या ठिणग्या बहुतांशीं फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांत उठतात. उगम सांपडतांच उपायहि स्पष्ट झाला. त्यास ‘ॲब्लेशन’ म्हणतात. जांघेंतील शिरेवाटे बारीक नळी हृदयांत नेऊन त्या शिरांच्या मुखांभोंवतीं वणाचें कडें उठवितात. वणांतून वीज वाहत नसल्यामुळें ठिणगी आंतच कोंडते. ह्यासाठीं उष्णता किंवा अतिशीत योजितात. २०२३ च्या अखेरीपासून अमेरिकेंत मान्य झालेल्या पद्धतींत क्षणार्धाचे विद्युत्‌प्रहार स्नायुपेशींचीं आवरणें सच्छिद्र करितात, व पाठीमागील अन्ननलिकेस इजा होण्याचें भय पुष्कळ कमी होतें.

तथापि नाडी सम झाली म्हणजे संकट टळलें, असें मानूं नये. विकार कित्येकांस पुनः होतो, आणि कधीं कधीं तो रोग्यास जाणवतहि नाहीं. रक्त गोठूं न देणारें औषध उपायानंतर निदान दोन महिने तरी घ्यावेंच लागतें. पुढें तें चालूं ठेवावें कीं नाहीं, हें नाडीवरून नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वींचा पक्षाघात इत्यादि गोष्टींवरून ठरतें. तेव्हां ‘आतां बरें वाटतें’ एवढ्यावरून घरांतील वडील मंडळींनीं गोळी आपल्या मतानें सोडूं नये. तो निर्णय डॉक्टरांवरच सोंपवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.