विश्लेषण : सॉफ्टवेअर खरे कशावरून? ओपन सोर्स प्रकल्प डेव्हलपरांच्या ‘डिजिटल किल्ल्या’ जगभर कशा पोहोचवतात?

कोल्हापूर विमानतळाला लागून असलेल्या गडमुडशिंगीत सातबाऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. विमानतळाच्या विस्तारीकरणासाठी या गावात भूसंपादन झाले आणि उताऱ्यावरील प्रत्येक नावाला, प्रत्येक गुंठ्याला महत्त्व आले. हा सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळतो. १५ रुपये शुल्क भरले की तो मोबाइलवर उतरवता येतो. त्यावर तलाठ्याची शाईची सही नसते, शिक्काही नसतो. तरीही तो ग्राह्य धरला जातो, तो एका डिजिटल किल्लीच्या भरवशावर. आपल्या अँड्रॉइड मोबाइलचा पाया असलेले लिनक्स आणि इतर ओपन सोर्स सॉफ्टवेअरही अशाच किल्ल्यांवर विसंबून आहे. पण किल्ली खऱ्या मालकाचीच आहे, हे ठरवायचे कसे?

किल्ल्यांची जोडी म्हणजे काय?

डिजिटल स्वाक्षरीसाठी दोन किल्ल्या एकत्र तयार होतात. खासगी किल्ली मालकाकडेच राहते. सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी तपासणी फसते. याच सार्वजनिक किल्लीने संदेश कुलूपबंद केला, तर तो फक्त मालकालाच उघडता येतो. फिलिप झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि हे तंत्र सामान्यांच्या संगणकावर आले. ओपन सोर्स जगात त्याचेच काम ‘जीएनयूपीजी’ हा मोफत प्रोग्राम करतो.

मग अडचण कुठे आहे?

गणित पक्के आहे. अडचण वाटपात आहे. किल्लीवर मालकाचे नाव असते, पण ते नाव कोणीही लिहू शकतो. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स आणि ज्येष्ठ डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या नावाच्या बनावट किल्ल्या सार्वजनिक सर्व्हरवर आढळल्या. त्यांची शेवटची आठ अक्षरे खऱ्या किल्लीशी तंतोतंत जुळत होती. म्हणून आता आठ नव्हे, तर किल्लीचा पूर्ण ४० अक्षरी ‘ठसा’ तपासण्याचा आग्रह धरला जातो.

दुसरा धोका एकाच ठिकाणाहून सारे घेण्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’चे संकेतस्थळ हॅक करून डाउनलोडच्या दुव्यावर छुपी वाट असलेली फाइल ठेवण्यात आली. अशा वेळी सार्वजनिक किल्लीही त्याच संकेतस्थळावर असेल, तर चोर फाइल आणि किल्ली दोन्ही बदलू शकतो. कुलपाशेजारीच किल्ली टांगून ठेवण्यासारखा हा प्रकार.

सरकारी व्यवस्थेत हे कसे सोडवले आहे?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार देशात प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक आहेत. त्यांची मूळ किल्ली सर्वांत वर. तिच्याखाली परवानाधारक संस्था आणि त्यांच्याखाली अधिकारी. मात्र ही मूळ किल्ली वाचणाऱ्याच्या संगणकात विश्वासू म्हणून नोंदलेली नसेल, तर अस्सल ई-आधारच्या पीडीएफवरही प्रश्नचिन्ह दिसते. सही खरी असते, पण तपासणाऱ्यापर्यंत किल्ली पोहोचलेली नसते. शिवाय साखळीतील एक कडी निसटली तरी फटका बसतो. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या संकेतस्थळांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

ओपन सोर्स प्रकल्प काय करतात?

त्यांच्याकडे असा नियंत्रक नसतो. म्हणून ते माणसांच्या ओळखीवर भिस्त ठेवतात. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘डेबियन’ प्रकल्प हे ठळक उदाहरण. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनमध्ये येऊ पाहणारा डेव्हलपर आधीच्या डेव्हलपरांना भेटतो, ओळखपत्र दाखवतो, किल्लीचा ठसा जुळवून घेतो. खात्री पटली की ते त्याच्या किल्लीवर स्वतःची सही करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीत झालेल्या डेबियनच्या जागतिक परिषदेसारखे मेळावे अशा गाठीभेटींची हक्काची जागा असतात.

खात्रीच्या किल्ल्या ‘कीरिंग’ नावाच्या जुडग्यात जातात. डेव्हलपरने पाठवलेले सॉफ्टवेअर प्रकल्पाचा सर्व्हर या जुडग्याशी ताडून पाहतो आणि मगच साठ्यात घेतो. साठ्याच्या यादीवर प्रकल्पाच्या स्वतंत्र किल्लीने सही होते. ती तपासणारी सार्वजनिक किल्ली ग्राहकाच्या संगणकात प्रणालीसोबतच आलेली असते.

लिनक्सला हा धडा ठेच लागल्यावर मिळाला. ऑगस्ट २०११ मध्ये ‘कर्नल डॉट ओआरजी’च्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे लक्षात आले. त्यानंतर डेव्हलपरांच्या किल्ल्यांचे जाळे नव्याने विणण्यात आले. ऑक्टोबरमध्ये प्राग येथील परिषदेत त्यांनी समोरासमोर भेटून एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केल्या.

सार्वजनिक सर्व्हर का मागे पडले?

जुन्या किल्ली-सर्व्हरवर कोणीही भर घालू शकत होते, पुसण्याची मात्र सोय नव्हती. जून २०१९ मध्ये दोन परिचित डेव्हलपरांच्या किल्ल्यांवर हजारो बनावट सह्या लादण्यात आल्या. अशी किल्ली उतरवून घेताच जीएनयूपीजी ठप्प होत असे. त्यानंतर लिनक्सच्या कर्नल प्रकल्पाने आपल्या डेव्हलपरांच्या किल्ल्यांचा स्वतंत्र साठा ठेवायला सुरुवात केली. नव्या पिढीच्या सर्व्हरनी ईमेलची खातरजमा करण्याची अट घातली. जुन्या सर्व्हरचा मुख्य समूह २०२१ मध्ये बंद झाला.

किल्ली खरी म्हणजे सॉफ्टवेअर सुरक्षित का?

नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये छुपी वाट सापडली. ती पेरणाऱ्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीने वर्षानुवर्षे काम करून प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता आणि त्या आवृत्त्यांवर स्वतःच्या किल्लीने रीतसर सही केली होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे ते पकडले गेले. सही कोणाची, एवढेच किल्ली सांगते. सही करणाऱ्याचा हेतू ती सांगत नाही.

मोबाइलधारकांनी काय ध्यानात ठेवावे?

अँड्रॉइडवरील प्रत्येक अॅपवर डेव्हलपरची सही असते. अपडेट त्याच किल्लीचे असेल तरच फोन ते स्वीकारतो. पण पहिल्यांदा अॅप घेताना जुळवायला जुनी किल्लीच नसते. आरटीओ चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या बनावट एपीके फाइल नेमका याचाच फायदा घेतात. त्यामुळे अॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. संदेशातून आलेली एपीके उघडू नये.

सातबाऱ्याचेही तसेच. छापील प्रतीवरून किंवा स्क्रीनशॉटवरून डिजिटल सही तपासता येत नाही. व्यवहाराआधी उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. संकेतस्थळाचा पत्ताही समोरच्याने पाठवलेल्या दुव्यावरून घेऊ नये, तो आपण स्वतः टाइप करावा.